म्युझिक प्लेअर घ्यायचाय? मग प्लेअर सगळ्यात शेवटी निवडा

वेगळा म्युझिक प्लेअर घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण थेट प्लेअरच शोधायला लागतात. मग डॅक चिप, डीएसडी, बॅलन्स्ड आउटपुट, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असल्या शब्दांचा एवढा मारा होतो की नुसत्या तुलना करूनच डोकं उठतं आणि शेवटी ज्याच्यावर सगळ्यात मोठे आकडे छापलेत तो घेतला जातो. मीही या चक्रातून गेलेय आणि आता कुणी विचारलं की एकच सांगते, क्रम उलटा करा. तुमची गाणी कुठून येतात ते आधी बघा, मग ती कुठल्या हेडफोनवर ऐकणार ते ठरवा, आणि या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की प्लेअर बराचसा आपोआपच ठरतो. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, घाई असेल तरी पायरी २ आणि ४ मात्र सोडू नका.

सुरू करण्याआधी हे हाताशी ठेवा:

- कॉम्प्युटर. गाणी भरणं, नावं दुरुस्त करणं, कार्ड तपासणं हे सगळं त्यावरच नीट होतं.
- टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाणं, गायक, अल्बम यांची नावं, दुरुस्त करायला एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड. पिकार्ड पूर्ण फुकट आहे.
- जुन्या सीडी असतील तर त्यांवरची गाणी कॉम्प्युटरवर घ्यायला सीडी ड्राइव्ह आणि विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी.
- मेमरी कार्ड खरं की खोटं ते तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३.
- तुमच्या हेडफोनचा इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी (हे काय ते पायरी ४ मध्ये). खोका फेकला असेल तर कंपनीच्या साइटवर सापडतं.
- चाचणीसाठी पाच-सहा फाइल्स: एक अगदी शांत सुरुवात असलेलं गाणं, एक न थांबता पुढे सरकणारा अल्बम, देवनागरीत नाव लिहिलेली एखादी फाइल, आणि तुमच्या साठ्यातली सगळ्यात मोठी फाइल.

१. वेगळा प्लेअर खरंच लागतोय का?

तुमचं सगळं ऐकणं स्ट्रीमिंग ॲपवरच असेल, स्वतःची एकही फाइल नसेल, तर जरा थांबा. फोनला लावायचा छोटा यूएसबी डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारा भाग) मिळतो, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, तो पुष्कळ कमी पैशात काम भागवतो. बोटाएवढी वस्तू, स्वतःची बॅटरी नाही, वीज फोनकडूनच घेते, आणि आजचे चांगले डोंगल आवाजाच्या मोजमापात महागड्या प्लेअरच्या अगदी जवळ जातात. पैसे वाचवायचे असतील तर हा रस्ता खरंच चांगला आहे आणि तो सुचवायला मला काहीच संकोच वाटत नाही.

मग वेगळा प्लेअर कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे फाइल्सचा साठा आहे आणि फोनमध्ये कार्ड घालायची सोय नाही. ज्यांना गाणं चालू असताना मेसेज आणि कॉल नको असतात. ज्यांना खिशात हात घालून, न बघता, पुढचं गाणं लावायचंय. ज्यांना फोनची बॅटरी गाण्यांवर संपवायची नाही. आणि लहान मुलं किंवा घरातली वयस्कर माणसं, ज्यांना इंटरनेट नको, पासवर्ड नको, बटण दाबलं की वाजलं पाहिजे.

इथला मोठा खड्डा म्हणजे स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी. ती तुमच्या फाइल्स नसतात. त्या कुलूपबंद असतात, त्या ॲपच्या बाहेर कुठेच वाजत नाहीत आणि वर्गणी थांबली की तीही थांबतात. साधा प्लेअर घेऊन त्यात ती कॉपी करू म्हणणारे बरेच जण भेटतात आणि वस्तू घरी आल्यावर हे कळतं तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळ्यात आधी लिहितेय.

२. गाणी कुठून येतात आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये आहेत ते बघा

कॉम्प्युटरवरचा फोल्डर उघडा आणि फाइल्सचे प्रकार बघा. साधारण दोन जाती सापडतील. एमपी३, एएसी, ऑग या फाइल्स लहान करताना आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. फ्लॅक, एएलएसी, वेव्ह यात काहीच टाकलेलं नसतं. फ्लॅक २००१ पासून आहे, सगळ्यांना मोफत वापरता येतो आणि सीडीवरच्या आवाजाला साधारण अर्ध्या-पाऊण जागेत जसाच्या तसा बसवतो. एएलएसी हा ॲपलचा तसाच प्रकार, २०११ पासून तोही खुला आहे. वेव्हमध्ये आवाज उत्तम पण टॅग नीट टिकत नाहीत, त्यामुळे प्लेअरवर 'अनोळखी कलाकार' अशी भलीमोठी यादी तयार होते. वेव्ह असतील तर त्या फ्लॅकमध्ये बदलून घ्या, आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

उलटं मात्र करू नका. एमपी३ फाइल फ्लॅकमध्ये बदलली तर फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही. आणि अशा बदललेल्या फाइल्स 'लॉसलेस', म्हणजे काहीच न टाकलेल्या, म्हणून फिरत असतात. शंका आली तर स्पेक नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, फाइल त्यात टाकली की आवाजाचं चित्र दिसतं. सीडीवरून केलेल्या खऱ्या फ्लॅकमध्ये रेषा बहुतेक वेळा २२ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत जातात, १२८ केबीपीएसची (सेकंदाला इतके किलोबिट, आकडा मोठा तितकी फाइल मोठी) एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखी थांबते. फार जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वरचा आवाज कमी असतो, तेवढ्यावरून लगेच फाइलला खोटी ठरवू नका.

किती केबीपीएस पुरे? माझं स्पष्ट मत असं की प्रवासात, चालताना, गर्दीत ऐकायला २५६ ची एएसी किंवा ३२० ची एमपी३ भरपूर आहे. सीडीचा साठा नव्याने कॉम्प्युटरवर घेत असाल तर मात्र फ्लॅकच करा, कारण फ्लॅकवरून पुढे कधीही लहान फाइल बनवता येते आणि सीडी परत परत ड्राइव्हमध्ये घालावी लागत नाही.

३. जागेचा हिशोब आणि मेमरी कार्ड

हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएस एमपी३ मिनिटाला २.४ एमबी खाते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. सीडी दर्जाची फ्लॅक असेल तर तेच गाणं ३० एमबीच्या आसपास, आणि २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे ज्याला हाय-रेझ म्हणतात ते, असेल तर शंभरच्या घरात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर एमपी३ची साधारण दहा हजार गाणी बसतात, फ्लॅकची चार हजार आणि हाय-रेझची हजार-बाराशे. आपल्याकडे किती आहेत ते मोजा आणि त्याच्या दुप्पट जागा धरा, साठा वाढतोच.

कार्डाची जागा असलेलाच प्लेअर घ्या असं मी आग्रहाने सांगेन, आतली मेमरी कितीही मोठी असली तरी. प्लेअर बिघडला तरी कार्ड काढून दुसरीकडे घालता येतं. प्लेअर किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते मात्र आधी वाचा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी जातीची आणि फॅट३२ फॉरमॅटची असतात, त्यावरची एसडीएक्ससी आणि एक्सफॅटची, आणि जुने किंवा अगदी स्वस्त प्लेअर एक्सफॅट ओळखतच नाहीत. कार्ड घातल्यावर 'कार्ड नाही' असं दिसलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. मोठं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की कित्येक प्लेअर ते निमूट घेतात. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, पण गाण्यांना ती अडचण सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट काही प्रमाणात कंटाळवाणी आहे पण टाळू नका. खोटी कार्डं बाजारात खूप आहेत. वर २५६ लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरही २५६ दाखवतो, आत मात्र १६ किंवा ३२ च असतात, आणि तेवढं भरलं की पुढची गाणी कॉपी झाल्यासारखी वाटतात पण वाजत नाहीत किंवा आधीची बिघडतात. नवीन कार्ड आलं की त्याच दिवशी एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण तपासा. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. परत करायची मुदत असतानाच हे झालं पाहिजे.

४. हेडफोन आधी, प्लेअर नंतर

आवाजातला सगळ्यात मोठा फरक हेडफोन करतो. त्याच्या खालोखाल ते कानात किंवा कानावर नीट बसतात की नाही हे, त्यानंतर रेकॉर्डिंग कसं झालंय ते, आणि प्लेअरचा नंबर त्याच्याही मागे. म्हणून पैसे वाटायचे झाले तर हेडफोनला मोठा वाटा द्या. साधा प्लेअर आणि चांगले इअरफोन ही जोडी महागडा प्लेअर आणि सोबत फुकट आलेले इअरफोन या जोडीपेक्षा केव्हाही छान वाजते.

आता दोन आकडे समजून घ्या, बाकीचे सोडून दिले तरी चालतील.

पहिला इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो ते, तो ओहममध्ये असतो. कानात घालायचे इअरफोन साधारण १६ ते ३२ ओहम, काही मोठे हेडफोन ३०० ओहम, उदाहरणार्थ सेनहायझर एचडी ६००. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकद दिली की आवाज किती मोठा होतो, आणि इथे एक फसवी जागा आहे. काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॉटमागे देतात आणि काही एका व्होल्टमागे. ३२ ओहमच्या हेडफोनला एका मिलिवॉटला १०० डेसिबल म्हणजेच एका व्होल्टला साधारण ११५ डेसिबल, वस्तू तीच! त्यामुळे एकक न बघता दोन हेडफोनची तुलना केली तर कमी आवाजाचा हेडफोन जास्त आवाजाचा वाटू शकतो.

इअरफोन सेन्सिटिव्ह असतील तर छोट्यातला छोटा प्लेअरही पुरतो. तिथे ताकदीची चिंता करू नका, दुसऱ्या दोन गोष्टींची करा. एक म्हणजे मागचा सूं सूं आवाज. गाणं थांबवून, शांत खोलीत, कान देऊन ऐका, सेन्सिटिव्ह इअरफोनवर जास्त ताकदीचे प्लेअर कधीकधी सतत बारीक सूं करत राहतात आणि शांत गाण्यात ते फार त्रास देतं. दुसरी म्हणजे प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असा नियम जाणकार वापरतात, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपेक्षा कमी. कारण असं की अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, आणि प्लेअरचा इम्पिडन्स जास्त असला की काही सूर दबतात, काही वर येतात, इअरफोनचा मूळ आवाजच बदलतो. मग 'या प्लेअरवर बेस गायब होतो' अशी तक्रार ऐकू येते, ती खरी असते.

३०० ओहमचे किंवा प्लेनार जातीचे (सपाट पडद्याने आवाज काढणारे) हेडफोन असतील तर मात्र ताकद बघावी लागते. तिथेही एक लक्षात ठेवा, पॉवर दुप्पट झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर लागते. त्यामुळे एकाचे २०० मिलिवॉट आणि दुसऱ्याचे २५० यात ऐकताना काहीच फरक नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

बॅलन्स्ड आउटपुटबद्दल, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीबद्दल, सगळेच विचारतात. साधी पिन ३.५ एमएमची, बॅलन्स्ड २.५ किंवा ४.४ एमएमची, आणि हल्ली ४.४ जास्त चालते. बॅलन्स्डवर ताकद जास्त मिळते, हा त्याचा खरा उपयोग. जास्त ताकद मागणारा हेडफोन नसेल तर त्याच्यामागे धावू नका. आणि एक धोक्याची सूचना: साध्या ३.५ पिनचा हेडफोन ॲडॉप्टर लावून बॅलन्स्ड भोकात कधीच घालू नका. साध्या पिनमध्ये डाव्या-उजव्याच्या उणे तारा एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे आतला ॲम्प्लिफायर शॉर्ट होऊन जळू शकतो. बॅलन्स्ड केबल ॲडॉप्टरने साध्या भोकात घातली तर चालतं, त्याला काही होत नाही.

५. अँड्रॉइडवाला की साधा?

इथे निवड खरंच तुमच्या सवयीवर आहे. अँड्रॉइडवाले प्लेअर, म्हणजे सोनी वॉकमनचे अलीकडचे मॉडेल, फिओ, हायबाय वगैरेंचे मोठे प्लेअर, यावर स्ट्रीमिंग ॲप टाकता येतात, स्क्रीन मोठी असते, सगळं फोनसारखं. पण त्यांची अँड्रॉइड आवृत्ती बहुतेक वेळा जुनीच राहते, आवाजाचा भाग वर्षानुवर्षं टिकतो आणि ॲप मात्र एक दिवस 'ही आवृत्ती चालणार नाही' म्हणतं. म्हणून आवृत्ती कुठली आहे आणि प्ले स्टोअर आहे का हे घ्यायच्या आधी बघा. वापरला नाही तरी बॅटरी झिरपत राहते हाही एक त्रास. शिवाय अँड्रॉइडची मूळ रचना सगळा आवाज एकत्र मिसळून बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झला बदलते, चांगले प्लेअर बनवणारे हा भाग वळसा घालून टाळतात, पण ते सगळ्या ॲपसाठी टाळलंय की फक्त कंपनीच्या स्वतःच्या ॲपसाठी ते विचारून घ्या.

साधे प्लेअर चटकन चालू होतात, लहान असतात, बॅटरी जास्त चालते, आणि गाण्यांशिवाय फारसं काही करत नाहीत. फाइल्सचा साठा असलेल्या माणसाला मी हाच प्रकार सुचवते. अगदी साध्या प्लेअरना मात्र एकूण गाण्यांची मर्यादा असते, काही हजारांच्या पुढची गाणी यादीत येतच नाहीत, कार्डावर जागा असली तरी. हा आकडा जाहिरातीत नसतो, माहितीपुस्तिकेत असतो, आणि पुस्तिका आधीच डाउनलोड करून वाचता येते.

काही साध्या प्लेअरवर आणि जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स नावाचं खुलं फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकता येतं. २००१ पासून स्वयंसेवक ते चालवतायत, आणि गॅपलेस (दोन गाण्यांच्या मध्ये खंड न पडणं), इक्वलायझर, आवाज समान ठेवणं, खूप सारे फॉरमॅट असं बरंच काही त्यात आहे. हौस असेल तर जरूर करा, पण आधी तुमचं नेमकं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते बघा, नाव तेच आणि आतला हार्डवेअर वेगळा असं पुष्कळदा असतं.

६. जाहिरातीतलं काय सोडून द्यायचं

डॅक चिपचं नाव. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक, सगळ्यांच्या चिप आता इतक्या चांगल्या आहेत की फरक चिपमुळे कमी आणि भोवतालच्या सर्किटमुळे जास्त पडतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या आणि कित्येक कंपन्यांनी दुसऱ्यांच्या चिप घालून आपली मॉडेल पुढे चालू ठेवली. त्यामुळे जुना रिव्ह्यू वाचून नवा प्लेअर घेताना आत तीच चिप, तेच सर्किट आहे का एवढं मात्र बघा.

३८४ किंवा ७६८ किलोहर्ट्झचे आकडे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले ते. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ त्याच्या दुप्पटीहून जास्त आहे आणि हिशोबाने तेवढं पुरतं. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. इतक्या मोठ्या आकड्यांचं संगीत मुळात मिळतंच कुठे फारसं! डीएसडी या आवाज साठवायच्या वेगळ्या पद्धतीचंही तेच, तुमच्याकडे डीएसडी फाइल्स असतील तरच बघा. एमक्यूएचा (आवाज दाबून साठवायचा एका कंपनीचा फॉरमॅट) शिक्का असेल तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका, ती कंपनी २०२३ मध्ये अडचणीत आली आणि त्याचा मोठा आधार असलेली टायडल सेवा नंतर फ्लॅककडे वळली.

७. ब्लूटूथ

ब्लूटूथ हेडफोनच वापरणार असाल तर महागडा प्लेअर घेऊच नका. ब्लूटूथमध्ये डॅक आणि ॲम्प्लिफायर हेडफोनच्या आत असतात, प्लेअरमधले ज्यांचे तुम्ही पैसे दिले ते झोपूनच राहतात. फक्त कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत, जुळवा: एसबीसी सगळीकडे असतो, बाकी एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक हे दोन्ही बाजूंना असले तरच चालतात. एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएसवर चालतो, गर्दीच्या ठिकाणी ९९० वर आवाज तुटायला लागला तर ६६० वर ठेवा.

८. घेण्याआधी हातात धरून काय तपासायचं

शक्य असेल तर तुमचं कार्ड आणि तुमचे हेडफोन घेऊन जा, नाहीतर परत घेण्याची अट असलेल्या ठिकाणाहून मागवा आणि पहिल्या दोन दिवसांत हे सगळं करा.

बटणं. खिशात हात घालून, न बघता थांबवा, पुढे जा, आवाज कमी करा. जमत नसेल तर रोज वापरताना चिडचिड होणार हे नक्की. स्क्रीन लॉक असताना बटणं चालतात का तेही बघा.

गॅपलेस. एकातून दुसऱ्यात जाणारा अल्बम लावा, दोन गाण्यांच्या मध्ये टिचकीएवढीही शांतता येता कामा नये. मैफलीची रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला हे फारच महत्त्वाचं, तुकडा पडला की सगळा रंग जातो.

देवनागरी. यावर आपणच लक्ष द्यायला हवं, बाहेरच्या रिव्ह्यूत याचा उल्लेख जवळजवळ नसतो. अँड्रॉइडवाल्यांवर सहसा अडचण येत नाही. साध्या प्लेअरवर काही वेळा चौकोन दिसतात, म्हणजे फॉन्टच नाही. काही वेळा अक्षरं दिसतात पण मोडलेली, 'किल्ली' मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसते, 'स्पर्श' मधला रफार सुटून पडतो. अशी चार नावं फाइलला देऊन बघा. प्लेअर बाकी सगळ्या बाबतीत आवडला असेल तर नावं रोमन लिपीत करून घेणं हा मार्ग आहे, पण हजारो गाण्यांचं ते काम करायची तयारी आहे का ते स्वतःला आधी विचारा.

फोल्डरप्रमाणे गाणी लावता येतात का. टॅग नीट नसलेल्या साठ्यासाठी हे वरदान आहे. लांब व्याख्यानं किंवा ऑडिओबुक ऐकत असाल तर बंद करून चालू केल्यावर जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं का. आणि चार्जिंग यूएसबी-सी वर आहे का, नसेल तर ती वेगळी केबल हरवली की पंचाईत होते.

युरोपसाठी बनवलेल्या प्लेअरमध्ये आवाजाची मर्यादा घातलेली असू शकते. लहान मुलांसाठी चांगलंच, पण ३०० ओहमचे हेडफोन असतील तर तोच प्लेअर कमजोर वाटेल.

९. वापरलेला घेताना

ॲपलने मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड बंद केला, क्लासिक तर २०१४ मध्येच गेला होता, म्हणजे आता जे मिळतात ते सगळे वापरलेले किंवा पडून राहिलेले. अजूनही ते छान वाजतात. पण क्लासिकमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते, कानाला लावून कटकट आवाज येतो का बघा. मूळ फर्मवेअरवर फ्लॅक चालत नाही, एएलएसी चालतो. गाणी नुसती कॉपी करून चालत नाहीत, आयट्यून्स किंवा मॅकवर फाइंडरमधूनच भरावी लागतात.

कुठलाही वापरलेला प्लेअर असो, पाठ फुगलेली वाटली किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर हात लावू नका, बॅटरी फुगलेली असते आणि ती धोकादायक आहे. हेडफोनची पिन आत घालून हलकेच फिरवा, एका बाजूचा आवाज जात असेल तर सॉकेट गेलंय. बॅटरी बदलून मिळते का याची चौकशी आधी करा, कारण वयाबरोबर ती उतरणारच.

१०. घरी आल्यावर

फर्मवेअर अपडेट पहिल्यांदा, गाणी नंतर. कार्ड शक्यतो प्लेअरमध्येच फॉरमॅट करा, कॉपी मात्र कार्ड कॉम्प्युटरला लावून करा, प्लेअरच्या केबलने फार वेळ लागतो. काही प्लेअर एमटीपी पद्धतीनेच, म्हणजे साध्या ड्राइव्हसारखे न दिसता, जोडले जातात आणि मॅकला ते आपणहून कळत नाही, प्लेअर बिघडलाय असं वाटतं, तो ठीक असतो, कार्ड काढून रीडरने भरा.

टॅग कॉपीच्या आधी दुरुस्त करा. एमपी३ साठी आयडी३ (एमपी३ मधल्या टॅगची पद्धत) ची २.३ आवृत्ती आणि अक्षरांसाठी युटीएफ-१६ निवडा, जुन्या प्लेअरवरही ती चालते. १ नंबरची आवृत्ती ठेवू नका, त्यात नावाला ३० अक्षरांचीच जागा आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना जरूर भरा, नाहीतर अनेक गायकांचा एक अल्बम यादीत दहा तुकड्यांत दिसतो. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० च्या आसपास, साधं जेपीईजी ठेवा. प्रोग्रेसिव्ह प्रकारचं जेपीईजी अनेक साध्या प्लेअरना उघडताच येत नाही आणि चौकोन रिकामा राहतो.

फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे घाला, १ ते ९ या आकड्यांपुढे आधी शून्य हवंच, नाहीतर १० नंबरचं गाणं २ च्या आधी येतं. काही स्वस्त प्लेअर नावं बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल कॉपी झाली त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी फॅटसॉर्ट किंवा ड्राइव्हसॉर्टने क्रम लावून घ्या. मॅकवरून कॉपी केलं असेल तर प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक छोटी फाइल येते, प्लेअरवर ती न वाजणारं गाणं म्हणून दिसते. त्या सगळ्या पुसून टाका, काही बिघडत नाही. प्लेलिस्ट एम३यू८ मध्ये सेव्ह करा म्हणजे देवनागरी नावं टिकतात, आणि त्यातला पत्ता कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा नको, कार्डावरच्या फोल्डरचा हवा.

आवाजाची पातळी गाण्यागणिक वरखाली होत असेल तर रिप्लेगेन वापरा, फूबार२००० सगळा साठा एकदम तपासून तशी नोंद टॅगमध्ये करतो, मूळ आवाजाला हात लावत नाही. अचानक मोठं गाणं सुरू होऊन कान सुन्न होण्याचा प्रकार त्याने थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र ४ तासच. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत बसण्यापेक्षा कान नीट बंद करणारे इअरफोन घ्या, कमी आवाजातही सगळं ऐकू येतं.

प्लेअर बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, पूर्ण रिकामी करून कपाटात टाकली तर पुन्हा चालू न होण्याची शक्यता असते. आणि कार्डावरची गाणी ही तुमची एकमेव प्रत ठेवू नका. कार्डं न सांगता मरतात, दुरुस्त केलेल्या टॅगसकट सगळा साठा एका वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि नवी गाणी भरली की तीही लगेच तिथे टाकत जा.